रुसलेली माती

"ज्यानं मातीचा स्वभाव बदलला, त्याला या जगात बदलण्यासारखं दुसरं काही उरत नाही," मी म्हणालो.

सासुरवाडीच्या सोप्यात आखाडाचं जेवण चाललं होतं. समोर मटणाचा तांबडा रस्सा होता, पाठीला लोड होता आणि नुकतीच मला डॉक्टरेट मिळाली होती. हे वाक्य मी येताना मोटरसायकलवर दोनतीनदा म्हणून पाहिलं होतं. वाऱ्यात ते फार चांगलं वाटलं होतं.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "जावईबापू," ते म्हणाले, "ती नळी तेवढी ओढून घ्या. गार झाली की आतलं येत न्हाई."

मी नळी ओढली. काही आलं नाही. पुन्हा ओढली. सोप्यातलं बोलणं हळूहळू थांबलं आणि सगळी पंगत माझ्या गालांकडे बघू लागली. शेवटी सासऱ्यांनी हात लांब करून नळी माझ्या ताटातून उचलली, आपल्या मनगटावर एकदाच आपटली आणि आतला सगळा ऐवज माझ्या भातावर उतरवला.

"जेवा," ते म्हणाले.

सासुरवाडीतलं माझं स्थान एवढ्यावरून कळावं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी कॉलेजातून रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, गुडघे माझ्या आधी निवृत्त झाले. गाव कोल्हापूरच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण अजून माझं तिथं जाणंयेणं आहे आणि ताटात अजून नळी पडते.

माझे सासरे म्हणजे ज्ञानू वस्ताद इंगवले. गावच्या तालमीचे वस्ताद. एकुलती एक मुलगी मालन. वस्तादांचा जावई तोडीस तोड पैलवान असणार याबद्दल गावात कुणालाही शंका नव्हती. मिळालो मी. लग्नाच्या सुटाचं माप घेताना शिंप्यानं टेप उलटी तर धरली नाही ना, हे दोनदा बघून घेतलं होतं. सासऱ्यांनी मात्र मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही. बसा, जेवा, निजा, एवढे तीन शब्द ते माझ्याशी बोलायचे, आणि तिन्ही अगदी आदरानं.

"अहो, ते बाटलीतलं दाखवा की आबांना," ताटं उचलता उचलता मालन म्हणाली. माझी बाजू सावरायची तिला तेव्हापासून सवय आहे.

मी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत साधी चिकणमाती, दुसरीत तीच माती, पण माझ्या हातून गेलेली. मामींकडून दोन पेले पाणी मागून घेतलं. (आमच्याकडे सासूला मामी आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.) पहिल्या पेल्यात साधी माती सोडली. ती फुगली, विरघळली, पाण्याचा चिखल झाला. दुसऱ्या पेल्यात माझी माती सोडली. ती बुडाली नाही, भिजली नाही. पाण्यावर कोरडी ठणठणीत बसून राहिली.

मामी वाकून बघत होत्या. "रुसली म्हणायची!" त्या म्हणाल्या.

मामांनी दोन बोटं पेल्यात घातली, माती वरून खाली दाबली, पाण्यातून फिरवली आणि बाहेर काढून अंगठ्यावर घासली. कोरडी भुकटी खाली पडली. त्यांनी पुन्हा तेच केलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. बाजारात जनावर बघतात तसं नव्हे. नव्या आलेल्या पैलवानाकडे बघतात तसं.

"सकाळी जरा तालमीत येता का?" त्यांनी विचारलं.

*

तालीम म्हणजे कौलारू खोली आणि मध्ये मातीचा हौदा. पावसाळ्यात कौलं गळायची. वरून थेंब, खालून ओल, आणि मध्ये घामानं निथळणारी पोरं. मी गेलो तेव्हा मामा खोरं घेऊन हौदा खणत होते. खोरं आत जायचं आणि बाहेर येताना चपचप आवाज करायचं. हौद्याच्या काठावर तालीम मंडळाचे चेअरमन आनंदराव भोपळे चपला हातात घेऊन उभे होते. ते दूध संस्थेचेही चेअरमन होते. गावात त्यांना घरचे लोकही चेअरमनच म्हणायचे.

"वस्ताद, मी काय तुमच्या वाईटावर न्हाई," ते सांगत होते. "पर जिल्ह्याला पोरं जात्यात ती गादीवर खेळायला आन तयारी करत्यात ह्या चिखलात. भात लावायची स्पर्धा आसती तर आपला पैला नंबर कुणी हलवला नसता."

"पावसाळ्यापुरतं हाय," मामा म्हणाले.

"पावसाळ्यापुरतं म्हंजे निम्मं वरीस. ह्या खेपेला तुमचीच चार पोरं गादीवर सरावाला तालुक्याला जात्यात. तुम्हाला ठावं हाय."

मामांनी खोरं थांबवलं नाही.

"हे बगा," चेअरमन म्हणाले, "नागपंचमीचं मैदान हाय. त्या दिवशी माती कोरडी दिसली, तर हौदा तुमचा, गादीचं नाव काढणार न्हाई. न्हाई दिसली, तर दुसऱ्या दिवशी माती भायेर, गादी आत. समद्यांच्या म्होरं ठरलंय. रामराम डॉक्टर." शेवटचे दोन शब्द मला होते. डॉक्टर म्हटल्यावर आठवण होऊन त्यांनी मला पाठ दाखवली आणि कुठं दुखतं ते सांगितलं. मी गंभीरपणे मान हलवली. ते समाधानानं गेले.

मामा हौद्यात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हा हौदा त्यांच्याकडे त्यांच्या वस्तादांकडून आला होता. पहाटे उठून तो स्वतः खणायचा, हा त्यांचा नेम. मालन मला म्हणाली होती, "आबांना दुसरं काय येतंय हो? धार काढायला बसलं तरी म्हशीची मान थोपटून, खांदा चाचपून मग बसतात. हौदा गेला तर माणूस दिवसभर करणार काय?"

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुमची ती रुसलेली माती हाय न्हवं?"

"हो."

"आमची बी तशी रुसवता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. मी हो म्हणालो. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी हौद्याच्या जागी समुद्र वाळवायला सांगितला असता तरी मी कधीपर्यंत, एवढंच विचारलं असतं.

*

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चमचाभर माती सुधारायचो. इथं हौद्यावर अंथरायला गाडीभर लागणार होती. मालनच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. ऊस नसल्यानं बंद होतं, पण चूल होती, चिपाडं होती आणि गूळ आटवायची ती प्रचंड काहील होती. इचलकरंजीला कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात माझा जुना विद्यार्थी कामाला होता. कापड मऊ करायला तिथं जे औषध वापरतात, त्यातच मला हवं ते रसायन असतं. त्यानं एक पिंप मिळवून दिलं आणि "सर, एवढं कशाला?" असं विचारलं. "कुस्तीला," मी म्हणालो. त्यानं पुढं विचारलं नाही.

तालमीतली निवडक पोरं मदतीला आली. दिनकर नावाचा त्यांचा पहिल्या नंबरचा पैलवान लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन काहिलीच्या कडेला उभा राहिला आणि ढवळू लागला. तांबड्या मातीला हे औषध फारसं धरत नाही, म्हणून मी काळ्या रानातली चिकणमाती आणायला लावली होती. काळी माती हौद्यात घालायची म्हटल्यावर पोरं चुळबुळली. मामा म्हणाले, "काव टाकून रंगवू. गुणाचं बगा, रंगाचं काय?" माझ्या लग्नाच्या वेळी घरात हेच वाक्य बोललं गेलं असावं, अशी मला शंका आली.

"पर हे हुतंय कसं?" दिनकरनं विचारलं.

मी सरसावलो. "माती म्हणजे पातळ पातळ पापुद्र्यांची चळत. चपात्या रचून ठेवल्यासारखी. पाणी त्या चपात्यांच्या मधे शिरतं आणि मातीचा चिखल होतो. आता हे औषध. याच्या एकेका कणाला मुंडी असते आणि लांब शेपूट असतं. मुंडीला मातीची ओढ. ती पापुद्र्याला जाऊन गच्च चिकटते. शेपूट राहतं बाहेर. त्या शेपटाला पाण्याचा तिटकारा. सगळ्या पापुद्र्यांवर अशी शेपटंच शेपटं उभी राहिली की पाण्याला आत शिरायला वाट नाही."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, कळलं नाही.

"म्हंजे," मामा म्हणाले, "मुंडी खाली रोवायची, अंग पसरायचं आन वरच्याला हात घालायला जागाच ठेवायची न्हाई. खालचा पैलवान धरून बसतो, तसं."

"आसं व्हय!" सगळी पोरं एकदम म्हणाली.

पुढं विद्यापीठात पन्नास व्याख्यानं दिली असतील. मुंडी रोवून बसलेल्या पैलवानाशिवाय एकही दिलं नाही.

शिजलेली माती आम्ही ओढ्यावर नेऊन धुतली. ओढ्याला असा फेस आला की खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायकांनी साबण परत घरी नेला. धुतलेली माती चुलीच्या उबेवर वाळवली, पोरांनी कुटली, मामींच्या चाळणीनं चाळली. चाळणी विचारून घेतली होती की नाही, ते मला माहीत नाही. मामा चुलीजवळ उकिडवे बसून मूठमूठ माती हातात घेऊन बघायचे आणि मला विचारायचे, "ही झाली न्हवं?" मी मान हलवली की पुढची मूठ. तेवढ्या दिवसांत आम्ही लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त बोललो. विषय एकच होता, पण सासऱ्याजावयांना एकसुद्धा विषय असतो कुठं?

नागपंचमीच्या आदल्या दिवशी माती हौद्यात पसरली. काव मिसळल्यानं ती छान तांबूस दिसत होती. पाऊस लागला होता, कौलं गळत होती. वरून थेंब पडायचा, मातीवर मोत्यासारखा गोल व्हायचा आणि इकडंतिकडं गडगडत काठाशी जायचा. गाव बघायला लोटलं. चेअरमन आले. त्यांनी एक थेंब बघितला, दुसरा बघितला, मग कुणाची तरी भरलेली घागर घेतली आणि सगळी हौद्यात ओतली. पाणी घरंगळत पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन बसलं. चेअरमननी माती मुठीत घेऊन फुंकली. ती उडाली.

"मानलं डॉक्टर," ते म्हणाले. हरल्यावर हरलो म्हणणारा माणूस होता. "वस्ताद, उद्या मैदान हुंद्या, मग गादीचा इषय बंद."

 सगळे निघाले तेव्हा मामांनी लोकांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मी हौद्यात पडणार होतो. थोडक्यात वाचलो.

"तुम्ही म्होरं व्हा," ते मला म्हणाले. "मला हौद्याची पूजा करायची हाय."

*

नागपंचमीला सकाळपासून हलगी वाजत होती. तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, दारात माणसं, वरच्या आढ्यावरही दोघंतिघं. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि डोक्याला फेटा बांधला होता. फेटा बांधणाऱ्यानं नेहमीच्या पैलवानी डोक्याच्या अंदाजानं बांधल्यामुळं तो माझ्या भुवयांवर येऊन थांबला होता. त्याच्याखालून मला दिसेल तेवढं मी पाहिलं.

शेजारच्या गावचा पैलवान आला होता. त्याच्याशी दिनकरची कुस्ती. पंचांनी शिट्टी फुंकली. दिनकरनं काठावरून हौद्याची माती कपाळाला लावली, मांडीवर थाप मारली आणि झेप घेऊन आत उतरला.

तो थांबला नाही. दोन्ही पायांवर ताठ उभा राहून, मांडीवर हात तसाच ठेवून, तो सरळ हौद्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि तिथं बसला.

लोकांना वाटलं, नवा डाव आहे. टाळ्या पडल्या.

पाहुणा पैलवान जपून उतरला. त्यानं एक पाय टाकला. तो पाय निघून गेला. त्यानं दुसरा टाकला. मग तो आडवा झाला आणि आडवाच दिनकरपाशी पोचला. दोघांनी एकमेकांना धरायचा प्रयत्न केला. दिनकरनं त्याची मान पकडली, मान सुटली. त्यानं दिनकरचा पाय धरला, पाय सुटला. कुस्तीत हात सुटतो, हे मी ऐकलं होतं. इथं सगळंच सुटत होतं. दोघंही प्रामाणिक पैलवान होते. ते बराच वेळ उठत होते. एक उठला की दुसऱ्याला आधार द्यायचा आणि दोघंही खाली.

हलगीवाल्याचा हात थांबला. पंच सोडवायला आत गेले. ते शिट्टी तोंडात धरूनच फिरत राहिले आणि दर वेळी भिंतीला लागले की शिट्टी वाजायची.

"आवरा, आवरा!" म्हणत चेअरमन पुढं झाले. त्यांच्या अंगात पांढरीशुभ्र विजार आणि नेहरू शर्ट होता. होता, एवढंच म्हणतो.

तोपर्यंत आढ्यावरची माणसं हसून हसून खाली यायच्या बेतात होती. मी खुर्चीवरून उतरलो, काठाशी बसलो आणि चिमूटभर माती बोटांत घेतली. कालची भुकटी ती नव्हती. मऊ, चकचकीत, लोण्यासारखी होती. मी तिचा वास घेतला. शेंगतेल.

"मामा," मी हळूच म्हणालो, "यात तेल कुणी घातलं?"

मामा माझ्या शेजारी येऊन बसले होते. "मीच की," ते म्हणाले. "दर सणाला घालतोय. हळद, ताक, लिंबू, तेल. पूजा करायची म्हंजे मातीला काय तरी पाजाय नको? ताक तिनं घेतलंच न्हाई, वरनं पळून गेलं. तेल मात्र घटाघटा पिली बगा. म्हटलं, औंदा जावयाची माती हाय, हात आखडता कशाला घ्या?"

"किती घातलं?"

"डबा."

माझ्या मातीला पाण्याचा तिटकारा होता, हे मी गावभर सांगितलं होतं. तिला प्रेम कशाचं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मास्तर माणूस विचारल्याशिवाय पुढचं सांगत नाही. ती शेपटं जशी पाण्याला हाकलतात, तशी तेलाला कवटाळतात. अशी माती तेलात घातली की त्याचं घट्ट वंगण होतं. कारखान्यात यंत्रांना लावायला ते मुद्दाम करतात. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सगळं त्याच्यावर होतं. सासुरवाडीच्या तालमीत ते प्रकरण त्या दिवशी दोन पैलवान, एक पंच आणि एक चेअरमन मिळून वाचत होते.

*

चौघांना दोर टाकून बाहेर काढलं. चेअरमन पायरीवर बसले. कुणीतरी त्यांच्यावर घागर ओतली. पाणी त्यांच्या अंगावरून अळूच्या पानावरून जावं तसं ओघळून गेलं आणि ते होते तसे तांबडे राहिले. हसणं एकदम वाढलं आणि त्यांचा चेहरा बघून तितकंच एकदम थांबलं.

चेअरमननी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग त्यांनी मामांना समोर बोलावलं. सगळं गाव दाटीवाटीनं भोवती उभं होतं.

"वस्ताद," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "म्या शबूद दिला हुता, माती कोरडी दिसली तर हौदा तुमचा. माती कोरडी हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर ह्याला मैदान म्हणायचं? शेजारच्या गावाम्होरं आपली काय शोभा झाली?"

मामा हात बांधून उभे होते.

"आता ऐका. एक वाट हाय. समद्यांम्होरं एवढंच म्हना, की डॉक्टरच्या औषधानं माती नासली. मग दोष औषधाचा. ती माती काढू, नवी भरू, हौदा हाय तिथं, तुम्ही हाय तिथं. गादीचं नाव न्हाई, माझा शबूद. पर तुमच्याच हातनं नासली आसंल, तर त्या हातात हौदा ठेवायचा कसा? पोरं तरी काय म्हणतील?"

सगळे मामांकडे बघत होते. मग हळूहळू माझ्याकडे बघू लागले. माझ्याकडे बघताना लोकांच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी ओळखत होतो. लग्नातल्या शिंप्याच्या तोंडावर तेच होतं.

मी उभा राहिलो. "चेअरमनसाहेब, खरंच औषधामुळंच—"

"जावईबापू," मामा माझ्याकडे न वळता म्हणाले, "बसा."

मी बसलो. तो शब्द त्यांनी मला इतक्या वेळा म्हटला होता की पाय आपोआप वाकले.

"चेअरमन," मामा म्हणाले, "काल घागर तुम्ही वतली. माती तुम्ही फुकली. चांगली हुती का न्हाई?"

"हुती."

"जावयानं दिली तवा माती चांगली हुती. तेल मी घातलं. त्येला ठावं बी न्हवतं."

"वस्ताद, इच्यार करा."

"केला."

"हौदा जाईल."

मामांनी हौद्याकडे बघितलं. माती आता स्थिर झाली होती. कौलातून एक थेंब पडला आणि गोल होऊन काठाकडे गेला. मामांची नजर त्याच्यामागं काठापर्यंत गेली.

"आज पंचीम," ते म्हणाले. "आज माती खणत न्हाईत. उद्या काढा."

मग त्यांनी भिंतीला लावलेलं खोरं उचललं, पंच्यानं पुसून घेतलं आणि दिनकरच्या हातात दिलं. दिनकरच्या हातातून ते सटकून खाली पडलं. कुणी हसलं नाही.

*

गादी आली. निळ्या रंगाची. ती अंथरली त्या दिवशी मामा दाराशी चपला काढून उभे राहिले आणि आत जाताना त्यांचा हात सवयीनं खाली गेला. कपाळाला लावायला काही नव्हतं. हात तसाच वर आला आणि त्यांनी मिशी नीट केली. पुढं बरीच वर्षं त्यांनी त्या गादीवर पोरं तयार केली आणि चांगली तयार केली. पण हे नंतरचं. मला आठवतो तो पंचमीच्या दिवशीचा, तालमीतून घरी येतानाचा रस्ता.

पाऊस थांबला होता. मी फेटा काढून काखेत घेतला होता. मामा माझ्यापुढं चालत होते आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. पोरींचे झोके चालले होते, झिम्म्याची गाणी ऐकू येत होती. बायका आम्हाला बघून पदर तोंडाला लावत होत्या. बातमी आमच्यापुढं चालत होती.

ओढ्यावरच्या साकवापाशी मी त्यांना गाठलं. "मामा, माझं नाव घ्यायचं होतंत. मी दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला निघून गेलो असतो. माझं काय गेलं असतं? हौदा राहिला असता."

ते चालत राहिले. साकव ओलांडून झाल्यावर म्हणाले, "हौद्याला कोण हसत न्हाई, जावईबापू. हसत्यात ती माणसाला. मालनला ह्या गावात यायचं आसतंय."

मी फेटा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. डॉक्टरेटमध्ये यासाठी काही शिकवत नाहीत.

"आन खोटं कुठं बोललो?" ते म्हणाले. "तेल माझंच हुतं."

आम्ही घराच्या आळीला लागलो. लांबून दार दिसलं. दारात मामी उभ्या होत्या. शेजारणींशी बोलत होत्या. मामांची चाल कमी झाली. मग ते थांबलेच. मला वाटलं, आता त्यांना भरून आलं असेल. सबंध गावासमोर हौदा सोडून आलेला माणूस. मी त्यांच्या दंडाला हात लावला. मला वाटतं, मी त्यांना आधार देत होतो.

"जावईबापू," ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "एक काम हुतं."

"बोला ना, मामा."

"आज पंचीम. आज तवा चढत न्हाई, तळण न्हाई. म्हणून अजून तिच्या ध्येनात आलं न्हाई. पर उद्या येईल."

"काय येईल?"

मामांनी दाराकडे बघितलं. आयुष्यात एकदाही पाठ न टेकलेला तो माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊ लागला.

"तो तेलाचा डबा घरातला हुता. गौरीगणपतीला तिनं भरून ठेवलेला. तेवढं तुमचं नाव सांगू का? जावयाला ती काय बोलायची न्हाई."